पहिली सही कोणाची?

शांतता कोणाला नको असते? तणावाच्या दुसऱ्या दिवशी एखाद्या बाजारगावात घरोघर फिरून हा प्रश्न विचारला, तर 'मला नको' असे सांगणारा मनुष्य बहुधा भेटणार नाही. व्यापाऱ्याला ती हवी असते, कारण त्याच्या दुकानाची फळी उघडलेली नसते. रोजंदारीवरच्या मजुराला हवी असते, कारण त्याच्या घरची चूल पेटलेली नसते. विद्यार्थी, पोलीस, पुढारी, पुजारी, मौलवी, सर्वांनाच ती हवी असते. आणि तरीही शांततेच्या बाजूने कोणी तरी उघडपणे उभे राहण्याची वेळ येते तेव्हा रस्ता मोकळा पडलेला दिसतो. जी गोष्ट सर्वांना हवी ती कोणीच का मागत नाही? हा प्रश्न वरवर पाहता नीतिशास्त्राचा वाटतो. प्रस्तुत लेखकाच्या मते तो बऱ्याच अंशी अर्थशास्त्राचा आहे. आणि त्याचे एक उत्तर महाराष्ट्रातल्या एका लहानशा धर्मसमाजाने, म्हणजे वसईच्या ख्रिस्ती समाजाने, आपल्या वागणुकीने देऊन ठेवलेले आहे.

प्रथम प्रश्न नीट मांडला पाहिजे. काही वर्षांपूर्वी आमच्या भागातील एका गावात भ्रमणध्वनीवर फिरलेल्या एका चित्रावरून वातावरण बिघडले. रक्तपात झाला नाही, हे सुदैव. पण बाजार दोन दिवस बंद राहिला. आठवडी बाजारासाठी आदल्या रात्री तोडलेले टोमॅटो आणि कोथिंबीर शेतकऱ्यांनी उकिरड्यावर टाकली. हातगाडीवाल्यांचे दोन दिवसांचे पोट गेले. ज्यांनी ते चित्र पाठवले त्यांचे काहीच गेले नाही. तेव्हा आम्ही तीन-चार अध्यापकांनी मिळून आठ ओळींचे एक शांततेचे आवाहन तयार केले. भाषा सौम्य होती, कोणावर आरोप नव्हता, कोणत्याही धर्माचे नाव नव्हते. तो कागद घेऊन आम्ही दुकानांतून, दवाखान्यांतून, कचेऱ्यांतून हिंडलो. प्रत्येकाने मसुदा वाचला, मान हलवली आणि जवळजवळ एकाच शब्दांत सांगितले, "सर, फार चांगले लिहिले आहे. पहिली सही दुसऱ्या कोणाची तरी घ्या, तिच्याखाली मी करतो."

संध्याकाळपर्यंत कागद कोराच राहिला. दुसऱ्यांना दोष देण्याचा अधिकार मात्र प्रस्तुत लेखकाला नाही. कारण त्या कागदावर पहिली सही करण्यासाठी लागणारे पेन दिवसभर त्याच्याच खिशात होते. नोकरी, मुलांची शाळा, भाड्याचे घर, शेजार, या सर्वांचा हिशेब मनात चालू होता, आणि तो हिशेब संपण्यापूर्वी दिवस संपला. तो कागद अद्याप एका पाठ्यपुस्तकात आहे.

सार्वजनिक वस्तूचा पेच

अर्थशास्त्रात 'सार्वजनिक वस्तू' नावाची एक संकल्पना शिकवली जाते. रस्त्यावरचा दिवा हे तिचे नेहमीचे उदाहरण. दिवा लागला की त्याचा उजेड वर्गणी देणाऱ्याला मिळतो आणि न देणाऱ्यालाही मिळतो. त्यामुळे वर्गणी दुसऱ्याने द्यावी आणि उजेड आपल्याला मिळावा, अशी प्रत्येकाची स्वाभाविक इच्छा असते. आणि सर्वांनीच तसा शहाणपणा केला की रस्ता अंधारात राहतो. मँकर ओल्सन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हाच विचार पुढे नेला. समान हितसंबंध असलेली माणसे आपोआप एकत्र येऊन कृती करतात ही समजूत त्याने खोटी ठरवली. समूह जितका मोठा, तितकी प्रत्येकाची टाळाटाळ अधिक. उलट लहान, परस्परांना ओळखणारा, नित्य भेटणारा समूह अधिक सहजपणे कृतीला उतरतो, असे त्याचे प्रतिपादन आहे.

शांतता ही अशीच वस्तू आहे. तिचा लाभ गावातल्या प्रत्येकाला सारखा. तिची किंमत मात्र पहिल्यांदा बोलणाऱ्याला एकट्यालाच मोजावी लागते. ती किंमत पैशातच असते असे नाही. गिऱ्हाईक तुटणे, लग्नाचे आमंत्रण न येणे, मागून शेरा ऐकू येणे, रात्री दारावर थाप पडणे, हे तिचे प्रकार. शंभरावी सही करणाऱ्याला यातले काहीच सोसावे लागत नाही. म्हणून शंभराव्या सहीला सर्वजण तयार असतात आणि पहिलीच होत नाही.

हा पेच ज्याने आयुष्यभर आपल्या परीने सोडवला असा एक मनुष्य आपल्याच जिल्ह्यात येऊन गेला, याचे स्मरण येथे करून दिले पाहिजे. १० ते १२ जानेवारी २०२० या दिवसांत तेव्हाच्या उस्मानाबादेत, आजच्या धाराशिवात, त्र्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. संमेलननगरीला तेरच्या संत गोरोबाकाकांचे नाव दिले होते, आणि अध्यक्षपदी होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी ख्रिस्ती धर्मगुरू निवडला जाण्याची ती पहिलीच वेळ. निवड होताच काही संघटनांनी विरोध केला. उद्‌घाटक कविवर्य ना. धों. महानोर यांना संमेलनास जाऊ नये असे कळवण्यात आले. महानोर आले. दिब्रिटोही आले, प्रकृती ठीक नसताना आले. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात त्याच आठवड्यात, ५ जानेवारीला, विद्यार्थ्यांवर हल्ला झाला होता. उत्सवाच्या मांडवात तो विषय टाळता आला असता. अध्यक्षांनी तो टाळला नाही. प्रस्तुत लेखक त्या मांडवात मागच्या रांगांत उभा होता. संमेलन निर्विघ्न पार पडले. गोरोबाकाकांच्या जिल्ह्याने एका ख्रिस्ती पाद्र्याला मराठी शारदेच्या आसनावर बसवले आणि त्याचे ऐकून घेतले, ही गोष्ट आपल्या जिल्ह्याच्या मागासलेपणाच्या आकडेवारीत कोठेही नोंदली जात नाही. पण ती नोंदण्याजोगी आहे.

वसईने काय केले

दिब्रिटो यांचा जन्म १९४२ चा, वसई तालुक्यातल्या नंदाखालचा. १९७२ साली त्यांना धर्मगुरूची दीक्षा मिळाली. १९८३ ते २००७ अशी सुमारे पाव शतक त्यांनी 'सुवार्ता' या मराठी मासिकाचे संपादन केले, आणि बायबलचा 'सुबोध बायबल' हा मराठी अनुवाद सिद्ध केला. त्याला २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार लाभला. २५ जुलै २०२४ रोजी ते निवर्तले. परंतु त्यांचे नाव सामान्य माणसाच्या ओठी आले ते ग्रंथांमुळे नव्हे, तर 'हरित वसई संरक्षण समिती'च्या चळवळीमुळे.

वसईचा ख्रिस्ती समाज हा मुख्यतः शेतकरी. केळी, पानवेली, फुले आणि भाजीपाला पिकवून मुंबईला पुरवणारा, घरात मराठीचीच बोली बोलणारा. पोर्तुगीज अमदानीत या समाजाने धर्म बदलला. १७३९ साली चिमाजीअप्पांनी वसई जिंकल्यावरही तो त्याच मातीत राहिला. १९८० च्या दशकात मुंबईची वाढ उत्तरेकडे सरकली आणि या हिरव्या पट्ट्यातील जमिनीला सोन्याचा भाव आला. जेथे जमिनीला असा अवचित भाव येतो, तेथे तिच्यामागून दहशत येते. वसईतही ती आली. जमिनी कोणी विकाव्यात, कोणाला विकाव्यात आणि कोणत्या दराने विकाव्यात, हे बंदुकीच्या धाकाने ठरू लागल्याची बोलवा झाली. गुंडगिरी आणि राजकारण यांचे लग्न लागले.

याचा अर्थ अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने नीट समजून घ्यावा असा आहे. पाठ्यपुस्तकात मागणी आणि पुरवठा यांच्या रेषा जेथे छेदतात तेथे किंमत ठरते असे आपण शिकवतो. पण त्या आकृतीमागे एक न लिहिलेले गृहीत असते: विकणारा आपखुशीने विकतो आहे. ज्या खरेदीखतावरची सही भीतीपोटी झालेली असते, त्यावरचा आकडा हा बाजारभाव नसतो, तो भीतीचा भाव असतो. म्हणजे शांतता ही बाजाराला मिळणारी शोभा नसून बाजाराचा पाया आहे. पाया ढासळला तरी इमारती उभ्या राहू शकतात. त्या कोणाच्या जमिनीवर आणि कोणाच्या गप्प बसण्यावर उभ्या राहिल्या, एवढाच प्रश्न उरतो.

वसईच्या चर्चपुढे तेव्हा दोन मार्ग होते. धर्मगुरूचे काम प्रार्थना, बाप्तिस्मा, लग्न आणि दफन एवढेच, असे म्हणून दरवाजा लावून घेणे हा पहिला. दुसरा मार्ग दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पत्करला. त्यांनी गुंडगिरीविरुद्ध आणि हिरव्या पट्ट्याच्या रक्षणासाठी जाहीर सभा घेतल्या, मोर्चे काढले, लेख लिहिले. चळवळीत ख्रिस्ती होते तसे हिंदूही होते. विषय धर्माचा नव्हताच. तो जमिनीचा, पाण्याचा आणि निर्भयपणे जगण्याचा होता. वसईच्या बागायतीतील विहिरींचे गोडे पाणी टँकरने उपसून नव्या वसाहतींना विकण्याचा धंदा बोकाळला तेव्हा त्यालाही विरोध झाला. कारण समुद्र लगत असल्याने गोड्या पाण्याचा बेसुमार उपसा झाला की खारे पाणी आत शिरते आणि बागा कायमच्या जातात. टँकर म्हणजे काय, आणि तो कोणाचा असतो, हे मराठवाड्यातल्या वाचकाला सांगायला नको. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी आणावे लागले तो उन्हाळा आपण विसरलेलो नाही. पाण्यावरून आपल्या गावांत ज्या मारामाऱ्या होतात त्या पोलीस ठाण्यात 'किरकोळ भांडण' म्हणून नोंदल्या जातात, एवढेच.

दिब्रिटोंना धमक्या आल्या, पण त्यांनी पहिली सही केलेली होती. आता ओल्सनचा सिद्धांत येथे लावून पाहावा. वसईचा समाज लहान होता, परस्परांना ओळखणारा होता आणि दर रविवारी एका छपराखाली जमणारा होता. सभा भरवण्याचा खर्च, निरोप पोहोचवण्याचा खर्च, एकमेकांवर विश्वास बसवण्याचा खर्च पिढ्यान्‌पिढ्या आधीच झालेला होता. मासिक हाताशी होते. जो बोलला त्याच्या पाठीशी किती माणसे आहेत हे बोलण्यापूर्वीच माहीत होते. धर्मसमाजाचे सामर्थ्य पवित्र ग्रंथात असते तसेच या साध्या व्यवस्थेत असते. ही व्यवस्था शांततेच्या कामी लावायची की नाही, एवढा निर्णय तेवढा बाकी असतो. आणि वसईने तो घेतला.

यश किती आले? प्रामाणिक उत्तर असे की ते अर्धेच आले. वसई-विरारची २००९ साली महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १२ लाखांवर गेली. हिरवा पट्टा आक्रसला, टोलेजंग इमारती उठल्या. पण बोलणाऱ्या माणसाला एकटे पडू द्यायचे नाही, ही सवय त्या भूमीला लागली. झाडांची मोजणी करता येते, या सवयीची करता येत नाही. म्हणून ती कमी मोलाची ठरत नाही.

चर्चच्या वहीतील दुसरे पान

एवढे वाचून कोणाचा असा समज होईल की ख्रिस्ती धर्मपीठे नेहमीच शांततेच्या आणि न्यायाच्या बाजूने उभी राहिली. इतिहास तसे सांगत नाही. गोव्यातले इन्क्विझिशन १५६० साली सुरू झाले आणि १८१२ साली कायमचे संपले. अडीचशे वर्षांचे ते पान फाडून टाकता येणार नाही. इंग्रजी अमदानीतही चर्चचा वरिष्ठ वर्ग बहुधा सरकारच्या सावलीत सुखरूप होता.

या संदर्भात एका अर्थशास्त्रज्ञाचे स्मरण होते. जे. सी. कुमारप्पा हे तंजावरच्या ख्रिस्ती कुटुंबातले. मुंबईत हिशेबतपासनीसाचा व्यवसाय केलेले, अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेले. १९२९ साली गांधीजींची भेट झाली आणि त्यांचा मार्ग बदलला. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात निःशस्त्र माणसांवर लाठ्या पडत असताना कुमारप्पांनी देशातील ख्रिस्ती धर्मसेवकांना जाहीर आवाहन केले की, या हिंसेविरुद्ध बोला. कलकत्त्याचे मेट्रोपॉलिटन बिशप फॉस वेस्टकॉट यांनी उलट सविनय कायदेभंगच ख्रिस्ताच्या शिकवणुकीत बसत नाही असा निर्वाळा दिला. कुमारप्पांनी त्यांना सडेतोड प्रत्युत्तर दिले. एकीकडे धर्मपीठाचा सर्वोच्च अधिकारी आणि दुसरीकडे एक साधा श्रद्धावंत. ख्रिस्ताच्या अधिक जवळ कोण होता, हे ठरवायला आज धर्मशास्त्रज्ञ लागणार नाही. पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघातून सार्वजनिक जीवनात आलेले व्हेरियर एल्विन यांनीही त्याच काळात राष्ट्रीय चळवळीची बाजू घेतली, इंग्रज असूनही. म्हणजे चर्चमध्ये पहिली सही करणारे होते, आणि ती करू नका म्हणणारेही होते.

पुढे कुमारप्पा वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाचे काम करीत राहिले, आणि जबलपूरच्या तुरुंगात त्यांनी चिरंतन अर्थव्यवस्थेवरील आपला ग्रंथ लिहिला. त्यांच्या एकूण प्रतिपादनाचा गाभा असा की, युद्ध रणांगणावर सुरू होत नाही. दूरचा कच्चा माल आणि दूरच्या बाजारपेठा मुठीत ठेवल्यावाचून जी उत्पादनपद्धती चालत नाही, तिच्यातच ते पेरलेले असते. त्यांचे सर्व निष्कर्ष आज मान्य होतील असे नाही. परंतु शांतता हा प्रार्थनेचा विषय आहे तसाच तो जमाखर्चाचा विषय आहे, हे एका निष्ठावंत ख्रिस्ती हिशेबतपासनीसाने आपल्याला शिकवले. डोंगरावरील प्रवचनात धन्यता शांती करणाऱ्याला दिली आहे. स्वस्थ बसणाऱ्याचा तेथे उल्लेख नाही.

एका धर्मसमाजाच्या पुढाकाराने राज्यपातळीवर काय घडू शकते याचे उदाहरण हवे असेल तर ते नागालँडचे आहे. सशस्त्र संघर्षाने होरपळलेल्या त्या प्रदेशात फेब्रुवारी १९६४ मध्ये वोखा येथे बॅप्टिस्ट चर्चचे अधिवेशन भरले आणि तेथे शांतिमंडळाची कल्पना पुढे आली. जयप्रकाश नारायण, आसामचे मुख्यमंत्री विमलाप्रसाद चालिहा आणि इंग्रज धर्मगुरू मायकेल स्कॉट यांना पाचारण करण्यात आले. त्याच वर्षी ६ सप्टेंबरला शस्त्रसंधी अमलात आली. कायमचा तोडगा त्या मंडळाला काढता आला नाही, हे खरे. पण बंदुका थांबल्या आणि दोन्ही बाजू एका टेबलाशी बसल्या, त्या एका चर्चच्या निमंत्रणावरून. बोलावणारा मनुष्य दोन्ही बाजूंना परका नसावा लागतो; चर्च तेथे परके नव्हते.

दोन आक्षेप

या सर्वावर पहिला आक्षेप असा घेतला जाईल की धर्माने सार्वजनिक प्रश्नांत पडू नये. आज शांततेसाठी पडला तर उद्या मतांसाठी पडेल. ही भीती निराधार नाही. म्हणून कसोटी लावली पाहिजे. बोलणारा धर्मसमाज स्वतःसाठी काही मागतो आहे काय? तो आपल्याच माणसांची चूक दाखवण्यास तयार आहे काय? आणि बोलण्याची किंमत तो स्वतः मोजतो आहे, की दुसऱ्याच्या पोरांना मोजायला लावतो आहे? या तीन प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील तर त्या बोलण्याला राजकारण म्हणून हिणवणे योग्य नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. अल्पसंख्य लोक शांततेच्या गोष्टी बोलणारच. दुबळ्याला दुसरा उपाय काय, असे म्हटले जाते. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक सुमारे १०.८ लाख, म्हणजे लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही किंचित कमी. तेव्हा आक्षेपातील आकडा बरोबर आहे. निष्कर्ष मात्र उलटा आहे. संख्येने जो लहान, त्याला बोलण्याची किंमत सर्वांत जास्त पडते. बहुसंख्याकातील मनुष्य शांततेसाठी बोलला तर त्याला फार तर भित्रा म्हणतील. अल्पसंख्याकातील मनुष्य बोलला तर त्याच्या निष्ठेवरच संशय घेतील, त्याच्या निवडीला विरोध करतील, त्याच्या कार्यक्रमाला जाऊ नका म्हणून पत्रे लिहितील. आणि असे असूनही तो बोलतो तेव्हा त्याची सही सर्वांत महाग असते.

येथेच प्रस्तुत लेखकाचे मुख्य म्हणणे येते. ज्या कामाचा लाभ सर्वांना होतो त्याचा भार ज्याला तो सर्वांत हलका वाटेल त्याने आधी उचलावा, हे अर्थशास्त्राचे आणि साध्या शहाणपणाचे तत्त्व आहे. शांततेच्या बाबतीत आपण नेमके उलटे करतो. ज्यांना सही स्वस्तात पडते ते खाली सही करू म्हणतात, आणि ज्यांना ती महाग पडते त्यांच्याकडून पहिलीची अपेक्षा ठेवतात. मग एखादा दिब्रिटो ती करतो आणि आपण त्याचे कौतुक करतो. हे कौतुक म्हणजे आपल्या थकलेल्या वर्गणीची पावती आहे.

हैदराबाद रस्त्यावरून

प्रस्तुत लेखक ज्या जळकोटात राहतो ते गाव सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर, नळदुर्गाच्या पुढे आहे. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजेने बोरी नदीवरचा पूल आणि नळदुर्ग ताब्यात घेतल्यावर तिचा चिलखती ताफा सकाळी नऊच्या सुमारास जळकोटात शिरला आणि दुपारी उमरग्यास पोहोचला. रझाकारांच्या जुलमातून या प्रदेशाची सुटका झाली. तो जुलूम खरा होता. घरे जळाली, माणसे मेली, कुटुंबे सीमेपलीकडच्या छावण्यांत दिवस काढीत होती. पण त्या सुटकेच्या पाठोपाठ जे घडले तेही खरे होते. भारत सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ पोहोचलेले जे चार जिल्हे सांगितले त्यांत उस्मानाबाद आहे. बाकीचे गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. सूडाच्या त्या दिवसांत निरपराध मुसलमान मारले गेले. संबंध संस्थानातील मृतांचा समितीचा अंदाज २७ ते ४० हजारांचा आहे. तो अहवाल कित्येक दशके प्रकाशात आला नाही. १७ सप्टेंबरला आपण ध्वजवंदन करतो, आणि ते केलेच पाहिजे. पण त्या दिवशी दोन्ही दुःखांसाठी एक मिनिट उभे राहण्याइतके आपण अजून मोठे झालेलो नाही.

त्याच अहवालात एक नोंद आहे. काही ठिकाणी हिंदूंनी मुसलमान शेजाऱ्यांना स्वतःचा जीव धोक्यात घालून वाचवले, आणि एकाच धंद्यातील माणसांत हे विशेष दिसले. हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांचे रक्षण केले, प्रसंगी प्राण देऊन केले. अर्थशास्त्राच्या अध्यापकाला ही नोंद वाचून थांबावेसे वाटते. माग, सूत, उधारी आणि बाजार ज्यांचा एक होता त्यांची माणुसकी टिकली. पहिली सही करणारे तेव्हाही होते; त्यांची नावे मात्र आपण लिहून ठेवली नाहीत.

याच रस्त्यावर अणदूर आणि नळदुर्ग या दोन गावांचा एक खंडोबा आहे. देव वर्षाचे काही दिवस नळदुर्गात राहतो आणि उरलेले अणदुरास. देव न्यायचा आणि आणायचा तो दोन्ही गावच्या मानकऱ्यांत लेखी करार करून. भक्ती दोन्हीकडे उत्कट आहे, आणि म्हणूनच आपल्या पूर्वजांनी ती केवळ सद्भावनेवर सोडली नाही, कागदावर आणली. भांडण होण्यापूर्वी करार झालेला असतो, म्हणून भांडण होत नाही.

शांततेच्या कामी हेच करता येणार नाही काय? आपल्या गावांतही दर आठवड्याला, दर वर्षाला जमणारे समूह आहेत. भजनी मंडळे आहेत, हरिनाम सप्ताहाच्या समित्या आहेत, दिंड्या आहेत, दर्ग्याच्या उरुसाचे कारभारी आहेत, बुद्धविहारे आहेत, जेथे असेल तेथे चर्च आहे, व्यापारी संघ आणि महाविद्यालये आहेत. जमण्याचा खर्च यांनीही आधीच केलेला आहे. तणाव नसताना, एखाद्या साध्या दिवशी, या सर्वांनी एका कागदावर सह्या करून ठेवाव्यात: अफवा उठली तर चोवीस तासांत सर्वजण मिळून बाजारात येऊ, दुकाने उघडायला लावू, आणि कोणत्याही समाजाचे घर असो, त्याच्या दाराशी उभे राहू. विम्याचा हप्ता आग लागण्यापूर्वी भरायचा असतो. आणि त्या कागदावर सर्वांत वरची सही गावातल्या सर्वांत मोठ्या समाजाच्या माणसांची असावी. सर्वांत लहानाची सर्वांत खाली. वसईने हा क्रम उलटा चालवून दाखवला. तो आपण सुलटा करावा.

हे लिहिताना पाठ्यपुस्तकातला तो जुना कागद काढून समोर ठेवला आहे. मसुदा अद्याप वाईट नाही. तारखेची जागा कोरी सोडून त्याखाली आज सही केली आहे. सही करण्यास उशीर झाला आहे, हे मान्य. पण खाली जागा पुष्कळ आहे.